मूकपटांतले विनोदवीर: सुरुवात कुठून करायची आणि बघायचं काय

चार्ली चॅप्लिन सगळ्यांना माहीत असतो. टोपी, मिशी, काठी, पाय फाकून चालणं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कुणीतरी त्याची नक्कल केलेली असते, सलूनच्या भिंतीवर त्याचं पोस्टर असतं. पण त्याचा एखादा चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलाय का, असं विचारलं की बरेचजण चाचपडतात. बस्टर कीटन आणि हॅरॉल्ड लॉइड ही नावं तर अनेकांच्या कानावरूनही गेलेली नसतात. फोनवर कधीतरी आलेली अर्ध्या मिनिटाची क्लिप, तीही भलतंच गाणं चिकटवलेली, एवढीच काय ती ओळख.

हा लेख अशा मंडळींसाठी आहे. इथला क्रम इतिहासाचा नाही. १९१४ पासून ओळीने बघत यायचं ठरवलंत, तर तिसऱ्या पटाला कंटाळून उठाल, कारण सुरुवातीचे पट खरंच कच्चे आहेत: ढकलाढकली, लाथा, पाठलाग, संपलं. मी देतोय तो क्रम गोडी लागण्याचा आहे.

आणि एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. हा विनोद अंगाचा आहे. पडद्यावर दिसतं ते एका जित्याजागत्या माणसाने अंगावर घेऊन केलेलं असतं, आणि कॅमेरा लांब उभा राहून त्याला डोक्यापासून पायापर्यंत, मध्ये फारशी कापाकापी न करता दाखवत असतो. म्हणून चेहऱ्यापेक्षा पायांकडे बघायची सवय लावा. चॅप्लिन कोपऱ्यावर वळताना एका पायावर कसा घसरत जातो, कीटन पळताना गुडघे किती वर येतात, लॉइडचा बूट कडेवरून नेमका केव्हा निसटतो, अर्धा हशा तिथेच असतो.

पहिली पायरी: टीव्ही नीट लावून घ्या

हे पट फोनवर बघू नका. माणूस पडद्याच्या एका कोपऱ्यात सबंध उभा असतो. फोनवर तो नखाएवढा दिसतो आणि सगळी गंमत वाया जाते. टीव्ही, लॅपटॉप, प्रोजेक्टर, काहीही चालेल.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघा. मूकपटांची चौकट जवळजवळ चौकोनी, चारास तीन अशी असते. टीव्ही 'वाइड' किंवा 'झूम'वर असेल तर एकतर सगळे आडवे सुजलेले दिसतात, नाहीतर वरून डोकी आणि खालून पाय कापले जातात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. दुसरं, बऱ्याच नव्या टीव्हींवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय कंपनीतूनच चालू येते. ती बंद करा. नाहीतर १९२०चा पट कालच्या मालिकेसारखा दिसतो.

दुसरी पायरी: प्रत निवडा, नुसतं नाव टाकून पहिलं दिसेल ते लावू नका

नवखे लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे. १९२०च्या दशकातले बहुतेक पट अमेरिकेत आता हक्कमुक्त झालेत, त्यामुळे एकेका पटाच्या नेटवर ढीगभर प्रती आहेत. त्यातल्या निम्म्या तरी प्रतीच्या प्रतीच्या प्रती असतात. चेहरे पांढरेफटक, डोळ्यांच्या जागी काळे ठिपके, आणि सगळे मुंग्यांसारखे तुरुतुरु धावताहेत. ते बघून माणूस म्हणतो, 'जुने पिक्चर असेच असतात', आणि विषय संपतो.

तसे ते नव्हते. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे आणि वेग ठरलेला नसे. सेकंदाला सोळा चौकटींपासून (म्हणजे फिल्मवरच्या एकेका चित्रापासून) चोवीसपर्यंत काहीही. बोलपट आल्यावर चोवीस हा आकडा पक्का झाला. सोळा-अठराने टिपलेला पट चोवीसने दाखवला की सगळ्यांना घाई लागल्यासारखी होते. यात एक मेख आहे. विनोदी पट करणारे मुद्दाम कॅमेरा थोडा सावकाश फिरवत, म्हणजे पडद्यावर पळापळ जरा चुरचुरीत दिसे. त्यामुळे 'खरा' वेग कोणता, यावर जाणकार अजूनही वाद घालतात. तुमच्यासाठी सोपी कसोटी अशी: माणसं साधं चालताना विचित्र दिसत नसतील, तर वेग बरोबर आहे.

आणखी तीन गोष्टी तपासा. एक, लांबी. 'शेरलॉक ज्युनिअर' पाऊण तासाचा आहे, 'सेफ्टी लास्ट' सव्वा तासाच्या आतबाहेर, 'सिटी लाइट्स' दीड तासाला थोडा कमी. समोरची प्रत बरीच आखूड असेल तर काहीतरी कापलंय. दोन, पाय दिसतात का. तीन, संगीत. मूकपट सहसा मुक्याने दाखवले जात नसत. छोट्या थिएटरात पियानो, मोठ्यात ऑर्गन नाहीतर सबंध ऑर्केस्ट्रा असे. चांगल्या प्रतीला त्या पटासाठी बसवलेलं संगीत असतं. कुठलीतरी एकच धून पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरत असेल तर प्रत बदला.

इटलीत बोलोन्याचं सिनेमा संग्रहालय आणि पॅरिसची लॉबस्टर फिल्म्स यांनी चॅप्लिन आणि कीटनचे पट जगभरच्या तुकड्यांवरून जोडून, घासूनपुसून पुन्हा उभे केलेत. ही नावं दिसली की डोळे झाकून ती प्रत घ्या. 'द गोल्ड रश'बाबत विशेष सावध राहा. मूळ पट १९२५चा. चॅप्लिनने १९४२मध्ये तो छाटून, पाट्या (मध्ये मध्ये पडद्यावर येणारा लिखित मजकूर) काढून, स्वतःच्या आवाजात निवेदन घालून पुन्हा आणला. त्या आवाजात सगळं सांगून टाकलंय. आधी १९२५चाच बघा.

तिसरी पायरी: पहिली संध्याकाळ 'वन वीक'ची

माझं मत विचाराल तर पहिला पट चॅप्लिनचा नको, कीटनचा हवा, आणि तो 'वन वीक'च. १९२०चा, दोन रिळांचा, वीसेक मिनिटांचा. चॅप्लिनचं आपल्या डोक्यात आधीच एक चित्र असतं, ते आड येतं. कीटनपाशी पाटी कोरी असते.

गोष्ट एवढीच: नुकतं लग्न झालेल्या जोडप्याला आहेर म्हणून घर मिळतं, पण ते खोक्यांत भरलेलं, नंबर बघून जोडायचं. मुलीवर डोळा असलेला एकजण खोक्यांवरचे नंबर बदलतो. मग जे घर उभं राहतं ते बघण्यासारखं आहे: दार पहिल्या मजल्यावर, भिंती तिरक्या, छप्पर डोक्यावरच्या आखूड टोपीसारखं. वादळ येतं आणि घर गरगर फिरायला लागतं. हे घर खरं बांधलेलं होतं आणि खाली फिरतं चाक बसवून खरंच फिरवलं होतं. आत जाऊ बघणारा कीटन दाराच्या दिशेने झेपावतो तोवर दार पुढे निघून गेलेलं असतं.

शेवट सांगायला हवा, कारण त्यात त्याची सगळी रीत दिसते. घर भलत्याच प्लॉटवर बांधलंय असं कळतं, म्हणून ते ओढत नेताना रेल्वेच्या रुळावर अडकतं. गाडी येते. दोघं डोळे मिटतात. गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. सुटलो म्हणून हुश्श करतात तोच दुसऱ्या बाजूने दुसरी गाडी येते आणि घराचा भुगा करते. कीटन रडत नाही, चिडत नाही. ढिगाऱ्यावर 'विकणे आहे'ची पाटी लावतो, तिच्याजवळ जोडणीच्या सूचनांचा कागद ठेवतो आणि बायकोचा हात धरून चालू लागतो.

चेहऱ्याची रेघ न हलवण्याची ही सवय त्याला लहानपणीची. आई-वडिलांच्या रंगमंचावरच्या कार्यक्रमात बाप त्याला इकडून तिकडे फेकत असे, आणि पोरगं हसलं की प्रेक्षक कमी हसतात, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं. पडायचं कसं तेही तिथेच शिकला.

घरातल्या सगळ्यांना बसवा. पाट्या इंग्रजीत असतात, पण थोड्या आणि सोप्या. एकाने मोठ्याने मराठीतून सांगत जावं, आजीपासून बालवाडीतल्या पोरापर्यंत कुणी मागे राहत नाही. लहान मुलं तर पाट्यांची वाटही बघत नाहीत.

चौथी पायरी: चॅप्लिनचे १९१६-१७चे छोटे पट

चॅप्लिन १९१४मध्ये मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीत आला आणि एका वर्षात पस्तीसेक पट करून गेला. ते तूर्त सोडा. तुम्हाला हवेत ते म्युच्युअल कंपनीसाठी केलेले बारा पट. त्यांच्यासाठी त्याला आठवड्याला दहा हजार डॉलर आणि वर दीड लाखाचा बोनस मिळाला होता. लंडनच्या गरीबखान्यात दिवस काढलेला हा मुलगा तेव्हा सत्तावीस वर्षांचाही नव्हता. पैसा होता, वेळ होता आणि मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा चित्रित करायची मुभा होती. ते पडद्यावर दिसतं.

बारांतले तीन निवडा.

'द पॉनशॉप' (१९१६): गहाणवटीच्या दुकानात एक गिऱ्हाईक गजराचं घड्याळ घेऊन येतं. चार्ली आधी स्टेथोस्कोप लावून घड्याळाची छाती तपासतो, ठोकून बघतो, मग डबा फोडायच्या हत्याराने पाठ उघडतो, आत नाक घालून वास घेतो, एकेक चक्र उपसून काढतो. सगळं पूर्ण गांभीर्याने, निष्णात डॉक्टरच्या थाटात. शेवटी तो सगळा चुरा गिऱ्हाइकाच्याच टोपीत भरून परत देतो. हा प्रसंग दोनदा बघा. दुसऱ्यांदा फक्त गिऱ्हाइकाकडे. अल्बर्ट ऑस्टिन नावाचा नट आहे. काहीही न करता तो जे करतो, त्याने चार्लीचा विनोद दुप्पट होतो.

'ईझी स्ट्रीट' (१९१७): गुंडांच्या गल्लीत चार्ली पोलीस म्हणून येतो. समोर एरिक कॅम्पबेल, धिप्पाड, भुवया रंगवलेल्या. आपली ताकद दाखवायला तो रस्त्यावरचा गॅसचा दिवा वाकवतो. चार्ली संधी साधून तोच दिवा त्याच्या डोक्यावर ओढतो, गॅस सोडतो, आणि मग नाडी बघतो. पुरेसा झाला की नाही? थोडा अजून. कॅम्पबेल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोटार अपघातात गेला. त्याच्या तोडीचा खलनायक चॅप्लिनला पुन्हा मिळाला नाही, असं मला वाटतं.

तिसरा 'द इमिग्रंट' (१९१७), आणि हा तिघांत श्रेष्ठ. सुरुवात बोटीवर. सगळ्यांना उलट्या होताहेत. चार्ली आपल्याकडे पाठ करून कठड्यावर ओणवा झालाय, पाय झाडतोय, खांदे गदगदताहेत. बिचारा, असं आपण म्हणतो तोच तो वळतो: हातात गळाला लागलेला मासा. पट सुरू होऊन मिनिटभरात आपण एकदा फसलेलो असतो.

पुढे हॉटेलातला प्रसंग आहे. खिशात पैसे नाहीत आणि दहा सेंट कमी पडलेल्या माणसाला वेटर कसे तुडवतात ते चार्लीने नुकतंच पाहिलंय. शेजारचा चित्रकार म्हणतो, बिल मी देतो. चार्ली भीडेखातर नको म्हणतो. तो आग्रह करतो, हा पुन्हा नको म्हणतो. बिलावरून होणारी ही ओढाताण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. चार्ली एकदा जास्तच 'नको' म्हणतो आणि चित्रकार 'बरं' म्हणून मोकळा होतो. चार्लीचा चेहरा बघा. मग तो चित्रकाराने वेटरसाठी ठेवलेल्या टिपेतूनच आपलं बिल कसं भागवतो, तेही बघा. गंमत म्हणजे हा हॉटेलाचा भाग आधी चित्रित झाला होता. ही माणसं आली कुठून याचा विचार करताना बोटीची सुरुवात नंतर सुचली.

पाचवी पायरी: लॉइड, आणि शक्यतो चारचौघांत

हॅरॉल्ड लॉइड तिघांत सर्वांत साधा दिसणारा. काच नसलेला गोल फ्रेमचा चष्मा, नीटनेटका सूट, गावाकडून शहरात आलेला होतकरू पोरगा. चॅप्लिन भटक्या, कीटन दुसऱ्याच ग्रहावरचा. लॉइड मात्र तुमच्या ऑफिसात भेटेल असा. १९२०च्या दशकात तिकीटबारीवर तो या दोघांच्या बरोबरीने, काही वेळा पुढेही होता. नंतर त्याचं नाव मागे पडलं, त्याला एक कारण त्याचं त्यानेच दिलं: पटांचे हक्क स्वतःपाशी घट्ट धरून ठेवले आणि टीव्हीवर ते सहजासहजी येऊ दिले नाहीत.

'सेफ्टी लास्ट' (१९२३) लावा. घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा माणूस तुम्ही कुठेतरी पाहिलाच असेल, तो हाच. पण घड्याळापर्यंत उडी मारून जाऊ नका. पहिला पाऊण तास कापडाच्या दुकानातल्या विक्रेत्याची कुतरओढ आहे. गावाकडच्या मुलीला त्याने 'मी मोठा साहेब झालोय' असं कळवलेलं असतं. इमारत चढण्याची जाहिरात त्याला दुकानासाठी करायची असते, आणि चढायचं असतं त्याच्या मित्राने. मित्रामागे पोलीस लागतो. 'तू एक मजला चढ, पुढचा मी बघतो.' मग पुढचा. मग पुढचा. प्रत्येक मजल्यावर नवं संकट: कबुतरं, जाळं, पँटीत शिरलेला उंदीर.

कसं केलं, हे पट संपल्यावरच वाचा, पण सांगून ठेवतो. लॉस एंजेलिसमधल्या इमारतींच्या गच्चीवर भिंतीचा देखावा उभारला होता, कॅमेरा अशा कोनात की मागे खराखुरा रस्ता आणि खरी वाहतूक दिसावी. लॉइडच्या खाली काही फुटांवर गाद्या टाकलेला मंच होता, गच्चीवरून घरंगळला तर मात्र काही खरं नव्हतं. लांबच्या दृश्यांत इमारती चढण्यात पटाईत असलेला बिल स्ट्रोदर चढतो, तोच पटात मित्र झालाय. आणि हे सगळं करणाऱ्या लॉइडच्या उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनी नव्हती. १९१९मध्ये फोटो काढताना हातात धरलेला खोटा समजलेला बॉम्ब खरा निघाला, त्यात ती गेली. पडद्यावर तो बोटं बसवलेला कातडी रंगाचा हातमोजा घालत असे.

हा पट एकट्याने बघणं म्हणजे अर्ध्या पैशात बघणं. चार मित्र, शेजारी, भाचेमंडळी, जमेल ते गोळा करा. 'अरे, अरे, पडला!' असं कुणीतरी ओरडायला हवं.

सहावी पायरी: कीटनचे मोठे पट

आता तुम्ही तयार झालात. आधी 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४). थिएटरात मशीन चालवणारा पोरगा झोपतो आणि स्वप्नात उठून सरळ पडद्यात शिरतो. आतला देखावा बदलत जातो: बाग, रस्ता, कड्याचं टोक, सिंह, वाळवंट, समुद्र, बर्फ. हा मात्र त्याच स्थितीत. बसायला जातो तो बाक नाहीसा, समुद्रात सूर मारतो तो बर्फात डोकं. कंप्युटर नाही, काही नाही; कॅमेऱ्यापासूनचं कीटनचं अंतर मोजणीच्या उपकरणांनी इंचाइंचाने मोजून प्रत्येक ठिकाणी त्याला नेमकं तिथेच उभं केलं. याच पटात रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा लोट अंगावर येऊन तो रुळावर आपटतो. तेव्हा मान दुखली एवढंच. मणक्याला तडा गेला होता हे बऱ्याच वर्षांनी डॉक्टरी तपासणीत कळलं. ते दृश्य पटात आहे, आणि तो उठून पळत सुटतो.

मग 'द जनरल' (१९२६). अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६२मध्ये पळवलेल्या आगगाडीच्या खऱ्या घटनेवरून. आज सगळे त्याला कीटनचा सर्वश्रेष्ठ पट म्हणतात. तेव्हा तो साफ पडला होता. नवख्याला तो पहिल्याच दिवशी दाखवू नये असं माझं म्हणणं आहे, कारण यात खदाखदा हसण्यापेक्षा 'वा!' म्हणण्याच्या जागा जास्त आहेत. एक सांगतो. धावत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर कीटन बसलाय, कवेत लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडवा घालतात तो ओंडका. समोर रुळावर दुसरा स्लीपर आडवा. गाडी थांबवता येत नाही. तो हातातला स्लीपर उचलून रुळावरच्याच्या टोकावर असा टाकतो की दोन्ही उडून बाजूला पडतात. तीन सेकंदांचं काम, भौतिकशास्त्राचं. चुकलं असतं तर इंजिन रुळावरून उतरलं असतं आणि कीटन त्याच्या खाली असता.

शेवटी पूल कोसळतो आणि इंजिन नदीत जातं. ते खेळण्यातलं नाही. ऑरेगन राज्यात कॉटेज ग्रोव्ह गावाजवळ, गाव बघायला जमलेलं असताना, खरं इंजिन एकदाच पाडलं. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची टंचाई होईपर्यंत ते तिथेच नदीत पडून होतं.

त्यानंतर 'स्टीमबोट बिल ज्युनिअर' (१९२८). वादळात घराची सबंध दर्शनी भिंत त्याच्यावर पडते आणि वरच्या मजल्याच्या उघड्या खिडकीच्या जागी तो उभा असल्याने वाचतो. दोन्ही बाजूंना मोजके इंच. ही क्लिप सगळीकडे फिरते, पण त्याआधीची तासभर बाप-लेकाची गोष्ट पाहिली की ती अंगावर येते. टोप्यांच्या दुकानातला प्रसंग तर चुकवूच नका.

सातवी पायरी: आता 'सिटी लाइट्स'

इतका वेळ हा मुद्दाम राखून ठेवला. १९३१चा पट. बोलपट येऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी चॅप्लिनने पात्रांना बोलू दिलं नाही. संगीत मात्र स्वतः रचून पटावर घातलं.

आंधळी फुलवाली चार्लीला श्रीमंत समजते. आता आवाज नसलेल्या पटात, न दिसणाऱ्या मुलीला, हा भणंग माणूस श्रीमंत वाटावा कसा? चॅप्लिन या एका प्रश्नावर महिनोन्महिने अडला होता आणि त्या प्रसंगाची शेकडो चित्रणं झाली. उत्तर असं: वाहतुकीत अडकलेला चार्ली रस्ता ओलांडायला उभ्या मोटारीच्या एका दारातून शिरतो आणि दुसऱ्या दारातून फुटपाथवर उतरतो. दार लागतं. मुलगी मान वळवते. तो फूल घेतो, नाणं देतो. सुटे द्यायला ती चाचपडते तोच मोटारीचा खरा मालक येऊन बसतो, दार पुन्हा लागतं, गाडी निघून जाते. साहेब सुटे न घेताच गेले असं तिला वाटतं. चार्ली चवड्यांवर मागे सरकतो आणि आवाज न करता जवळच बसून राहतो. आणि चॅप्लिनच तो, फार हळवं व्हायच्या आत ती फुलाच्या भांड्यातलं पाणी नकळत त्याच्या तोंडावर फेकते.

शेवटाबद्दल मी काही सांगणार नाही. कुणी सांगू लागलं तर त्याला गप्प करा.

आठवी पायरी: बाकीची मंडळी, आवडीप्रमाणे

इथून पुढे क्रम नाही.

स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी यांना आपण बोलपटांतले म्हणून ओळखतो, पण 'बिग बिझनेस' (१९२९) हा त्यांचा मूकपट कुठल्याही बोलपटाला भारी आहे. दोघं कॅलिफोर्नियात दारोदार नाताळची झाडं विकताहेत. एक गिऱ्हाईक दार आपटतं, झाडाची फांदी दारात अडकते, आणि तिथून बाचाबाची वाढत जाते. तो यांची मोटार मोडतो, हे त्याचं घर. मजा वेगात नाही, शिस्तीत आहे. एकजण मोडतोड करत असताना दुसरा शांतपणे उभा राहून बघतो आणि आपली पाळी आली की पुढे होतो. टायमिंग म्हणजे काय हे आपण अशोक सराफांकडे बघून शिकलो. तीच विद्या इथे एक शब्द न बोलता आहे.

मॅक्स लिंडर हा फ्रेंच, झुळझुळीत टोपी-कोटातला, चॅप्लिनच्या आधीचा जगप्रसिद्ध विनोदवीर. चॅप्लिन स्वतःला त्याचा शिष्य म्हणवत असे. 'सेव्हन इयर्स बॅड लक'मधला (१९२१) फुटलेल्या आरशाचा प्रसंग तेवढा शोधून बघा.

मेबल नॉर्मंडचं नाव पुरुषांच्या यादीत नेहमी हरवतं. कीस्टोनची ती मोठी तारका होती आणि पट दिग्दर्शितही करत असे. चॅप्लिनने भटक्याचा वेष चढवून पहिल्यांदा ज्या पटासाठी काम केलं, तो 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट' तिनेच दिग्दर्शित केलेला. रॉस्को आर्बकलबरोबरचे तिचे पट बघा. एवढ्या आडव्या देहाचा माणूस इतका हलका कसा पडतो, हा प्रश्न पडेल. आर्बकलनेच कीटनला १९१७मध्ये सिनेमात आणलं. १९२१मध्ये त्याच्यावर एका नटीच्या मृत्यूचा आळ आला, तिसऱ्या खटल्यात तो निर्दोष सुटला, आणि तरीही नट म्हणून संपला.

हॅरी लँग्डन मला स्वतःला अर्ध्या तासापलीकडे झेपत नाही. म्हाताऱ्या बाळासारखा चेहरा आणि अतिसावकाश प्रतिक्रिया. 'द स्ट्राँग मॅन' (१९२६) बघून तुमचं तुम्ही ठरवा.

आपल्याकडेही त्याच काळात दादासाहेब फाळके पौराणिक पटांसोबत 'पिठाचे पंजे'सारखा छोटा विनोदी पट करत होते. पुण्यात राहत असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या खेळांवर नजर ठेवा. मूकपट आणि समोर बसून वाजवणारा वादक असा योग कुठेही आला, तर दुसरी कामं पुढे ढकला.

खटकणाऱ्या जागा

या येणारच, आधी माहीत असलेल्या बऱ्या. कीटनच्या 'सेव्हन चान्सेस'मध्ये (१९२५) गोरा नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीय नोकर झालाय. 'कॉलेज'मध्ये (१९२७) कीटन स्वतःच तसा वेटर होतो. 'द जनरल'चा नायक गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचा आहे आणि पट त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मुलांबरोबर बघत असाल तर तिथे थांबून दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला. 'सेव्हन चान्सेस' मी त्यासाठी टाळा म्हणणार नाही. डोंगरउतारावर घरंगळणाऱ्या दगडांतून पळण्याच्या त्यातल्या शेवटाला तोड नाही.

शेवटची पायरी: 'मॉडर्न टाइम्स', आणि तिथे थांबा

चॅप्लिनचा १९३६चा हा पट सगळ्यांत शेवटी. कारखान्याचा भाग तुम्ही तुकड्यांत पाहिला असेल; मला त्याहून शेवटाकडचं हॉटेल आवडतं. चार्लीला गाणं म्हणायचंय, शब्द पाठ होत नाहीत म्हणून कफांवर लिहून दिलेत, आणि पहिल्याच गिरकीला हात झटकताना कफ उडून जातात. मग तो गातो. इतकी वर्षं मुका राहिलेल्या या भटक्याचा आवाज जगाने तिथे पहिल्यांदा ऐकला, आणि तो कुठल्याच भाषेत नाही. निरर्थक शब्द, पण हातवाऱ्यांवरून गाण्यातली चावट गोष्ट अक्षरशः कळते.

यानंतर बोलपटांकडे वळायचं असेल तर चॅप्लिन आणि लॉरेल-हार्डी खुशाल बघा. कीटनचे एमजीएममध्ये केलेले बोलपट मात्र सोडून द्या. १९२८मध्ये स्वतःचा स्टुडिओ सोडून तो त्या कंपनीत गेला, तिथे 'द कॅमेरामन' हा एक उत्तम मूकपट केला आणि मग त्याच्या हातातून सगळं काढून घेतलं गेलं. त्यापेक्षा तेवढ्या वेळात 'वन वीक' पुन्हा लावा आणि या खेपेला घराच्या जिन्याकडे बघा.